अधिकारी कोण?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या हातून एक प्रमाद घडला. धाकट्या बंधूंची आठ वर्षांची कन्या चार दिवसांसाठीं आमच्या घरीं आली होती. एके दुपारीं तिला कांहीं तरी दाखवावें म्हणून आम्ही 'होतारु नो हाका', म्हणजे 'काजव्यांचें थडगें', हा जपानी चित्रपट घरच्या पडद्यावर लावून दिला. चित्रपट उत्तम आहे असें एका सहाध्यापकांकडून ऐकलें होतें, आणि तो हातानें काढलेल्या चित्रांचा आहे एवढी माहिती आम्हांस पुरेशी वाटली. चित्रांचा, म्हणून मुलांचा! पहिल्याच प्रसंगांत एक पोरका मुलगा रेल्वेच्या स्टेशनांत खांबाशीं बसल्या बसल्या उपासमारीनें प्राण सोडतो. पुढें मागील हकीकत उलगडत जाते, आणि तिच्या शेवटीं त्याची चार वर्षांची बहीण भुकेनें मरते. आमची पुतणी रडली नाहीं. ती नुसती गप्प झाली, आणि रात्रीं पानांतला भात एक शीतही न टाकतां तिनें हळूहळू संपविला. तिच्या मातोश्रींनीं आम्हांस शब्दानेंही दोष दिला नाहीं. त्यामुळें तो अधिकच लागला.

हा प्रमाद आमच्या एकट्याचा असता तर तो वाचकांपुढें मांडण्याचें कारण नव्हतें. परंतु चित्रांत सांगितलेली गोष्ट ती बालकांची, ही समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत इतकी रुजलेली आहे कीं, जपानांतील एका मोठ्या कलाप्रांताकडे आपण एक तर पाहतच नाहीं, किंवा पाहतों तें भलत्या बाजूनें. ज्यांना 'ॲनिमे' म्हणतात तीं हलतीं चित्रें, आणि ज्यांवरून तीं पुष्कळदां रचिलीं जातात त्या 'मांगा' नांवाच्या छापील चित्रकथा, या दोहोंचा विचार करतांना पहिला प्रश्न विषयाचा नसून वाचकाचा आहे, असें आम्हांस या प्रसंगानंतर वाटूं लागलें.

या चित्रांविषयीं जे परिचयपर लेख येतात त्यांत प्रकारांची एक लांबलचक यादी असते: शोनेन, शोजो, सेईनेन, जोसेई, यंत्रमानवांचें मेका, अन्य लोकीं जाण्याचें इसेकाई, खेळांचें, शाळेचें, भयाचें, नित्य जीवनाचें. ती वाचतांना आम्हांस 'हॅम्लेट' नाटकांतील पोलोनियस आठवतो. नटमंडळी आल्याचें सांगतांना तो वृद्ध गृहस्थ नाट्यप्रकारांचीं नांवें एकमेकांस जोडीत सुटतो आणि थांबतां थांबत नाहीं. परंतु पोलोनियसाची यादी हास्यास्पद असली तरी निदान एका जातीच्या वस्तूंची होती. या यादींत दोन भिन्न जातींच्या वस्तू एका माळेंत ओंवलेल्या आहेत. मेका आणि इसेकाई हीं विषयाचीं नांवें होत. शोनेन आणि शोजो हीं वाचकाचीं. आमच्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात होता: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यांपैकीं अधिकारी म्हणजे तो ग्रंथ ज्याच्यासाठीं आहे तो. पाश्चात्य टीकेनें विषयाचा आणि रूपाचा विचार पुष्कळ केला, आमच्या अलंकारशास्त्रानें रसाचा केला. पण कथावाङ्मयाचें वर्गीकरण प्रथम अधिकाऱ्यावरून करावें, हें जपानच्या प्रकाशकांइतकें निष्ठेनें कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. अर्थात् त्यांनीं तें वेदान्ताच्या नव्हे, विक्रीच्या हेतूनें केलें.

शोनेन म्हणजे मुलगा, शोजो म्हणजे मुलगी, सेईनेन म्हणजे तरुण पुरुष, आणि जोसेई म्हणजे स्त्री. अगदीं लहान मुलांचा वर्ग कोदोमो. 'सेईनेन' शब्दांतील पहिलें अक्षर निळ्या-हिरव्या रंगाचें आहे. तारुण्याला हिरवट म्हणण्याची खोड केवळ आमचीच नव्हे, हें पाहून गंमत वाटली. हीं नांवें मुळांत गोष्टींचीं नव्हेतच. तीं मासिकांचीं आणि साप्ताहिकांचीं आहेत. १९५५ च्या सुमारास 'नाकायोशी' आणि 'रिबोन' हीं मुलींचीं मासिकें निघालीं. १९५९ सालीं 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' हीं मुलांचीं साप्ताहिकें एकदमच निघालीं, आणि १९६८ सालीं 'शोनेन जंप' निघालें. ज्या मुलांनीं तीं वाचलीं तीं मोठीं झालीं, तरी चित्रकथेची गोडी सुटेना. तेव्हां त्यांच्यासाठीं 'बिग कॉमिक' सारखीं तरुणांचीं नियतकालिकें आलीं. १९८० च्या सुमारास प्रौढ स्त्रियांसाठींही तसेंच झालें. ही विभागणी किती बारीक होऊं शकते याचें उदाहरण आमच्या घराघरांत पोंचलेल्या दोरेमोनचें आहे. फुजिको फुजिओ यांची ती निळ्या यंत्रमांजराची कथा १९६९ च्या अखेरीस ज्या मासिकांतून सुरू झाली तीं शाळेच्या इयत्तांप्रमाणें वेगवेगळीं निघत असत. पहिलींतल्या मुलासाठीं एक, दुसरींतल्यासाठीं दुसरें. अर्थात् एकाच महिन्यांत एकाच लेखकास निरनिराळ्या इयत्तांसाठीं निरनिराळ्या गोष्टी कराव्या लागत. हें ऐकून ज्यांस हंसूं येईल त्यांनीं आपल्याकडे 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' हीं एकाच घरांतून निघत होतीं, आणि आपट्यांचा 'आनंद' १९०६ पासून केवळ मुलांसाठीं निघाला, हें आठवावें.

अधिकारी आणि विषय या दोन गोष्टी भिन्न आहेत याचा पुरावा हवा असल्यास माकोतो युकिमुरा यांची 'विनलँड सागा' पाहावी. अकराव्या शतकांतील उत्तरेकडच्या दर्यावर्दी लुटारूंची ही कथा २००५ सालीं 'शोनेन मॅगझिन' मध्यें सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'आफ्टरनून' या तरुणांच्या मासिकांत गेली. कथानक तेंच, नायक तोच, कुऱ्हाडी त्याच. पण कालपर्यंत शोनेन असलेली ही कथा आज सेईनेन झाली! तथापि या स्थलांतराचा कथेवर कांहींच परिणाम झाला नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. आठवड्याला थोडीं पानें देण्याऐवजीं महिन्याला पुष्कळ देतां आलीं, आणि सूडाच्या मागें लागलेला थोरफिन हा पोर पुढें गुलाम होऊन शेत नांगरतो, आपण मारलेल्या माणसांचीं स्वप्नें पाहतो, आणि हातांतील शस्त्र टाकून देतो, हा सगळा संथ भाग लिहिण्यास लेखकास अवकाश मिळाला. दर आठवड्याला एक झुंज मागणाऱ्या वाचकांपुढें एवढी शेती टिकली असती असें वाटत नाहीं.

मुलांच्या साप्ताहिकांचा स्वभावच तसा आहे. 'शोनेन जंप'नें मैत्री, प्रयत्न आणि विजय हे तीन शब्द आपलें ब्रीद म्हणून मिरविले. १९९५ सालच्या आरंभीं त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांवर प्रती निघाल्या. वर्षाच्या नव्हे, एका अंकाच्या! अंकासोबत एक पत्र असतें. वाचकानें आपल्या आवडत्या कथांचीं नांवें त्यावर लिहून पाठवावयाचीं. ज्या कथेस मतें कमी पडतात ती गुंडाळण्यांत येते, आणि जिला अधिक पडतात ती लेखक थकला तरी चालूच राहते. यामुळें या कथांत एक शत्रु पडला कीं त्याहून बलाढ्य दुसरा उभा राहतो, आणि तो पडला कीं तिसरा. आमच्या पुराणांतही असुरांस तोटा नाहीं, पण तेथें निदान अवतारसमाप्ति असते. या कथांतील मुलींचें काम पुष्कळदां भावाची किंवा मित्राची वाट पाहणें एवढेंच उरतें, हा दोषही अधिकारभेदांतूनच आलेला आहे: मुलगी तेथें वाचक म्हणून गृहीत धरलेली नाहीं. प्रत्यक्षांत मुली हीं साप्ताहिकें भरपूर वाचतात, हा भाग वेगळा.

प्रयत्नाचें हें स्तोत्र निदान एकदां आमच्या मुंबईसही येऊन गेलें. १९६६ सालीं सुरू झालेल्या 'क्योजिन नो होशी' या बेसबॉलच्या कथेंत बाप मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचें एक अवजड यंत्र चढवून त्याचे स्नायु तयार करतो. तीच कथा २०१२ सालीं 'सूरज द रायझिंग स्टार' या नांवानें हिंदींत आली. बेसबॉलच्या ठिकाणीं क्रिकेट आलें, आणि तोक्योच्या ठिकाणीं मुंबईची झोपडपट्टी. ती आम्ही थोडी पाहिली. बापाचा हट्ट तेवढा जसाच्या तसा ओळखीचा वाटला; मग तो खेळाचा असो, कीं वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा.

अधिकारभेदाचें खरें फळ पाहावयाचें तर मुलींच्या मासिकांकडे वळलें पाहिजे. आरंभीं येथेंही बहुतेक लेखक पुरुषच होते. ओसामु तेझुका यांनीं १९५३ सालीं 'रिबोन नो किशी' ही राजपुत्राच्या वेषांत वावरणाऱ्या राजकन्येची कथा लिहिली, तिच्यावर ताकाराझुका येथील नाटकमंडळीचा ठसा आहे. या मंडळींत सर्व भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्यासुद्धां. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर वाढलेल्या आमच्या पूर्वपिढीस हा उलटा न्याय मोठा मौजेचा वाटला असता. पण १९७० च्या सुमारास एक विशेष गोष्ट घडली. हीं मासिकें वाचीत लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलींनीं स्वतःच लेखणी हातीं घेतली. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा आदि या लेखिका शोवा शकाच्या चोविसाव्या वर्षाच्या, म्हणजे १९४९ च्या, आसपास जन्मल्या, म्हणून त्यांस 'चोविसाव्या वर्षाचा मेळा' असें म्हणतात. त्यांनीं पानाची बांधणीच बदलली. मुलांच्या कथांत चौकटीमागून चौकट धांवते. येथें चौकटीच्या कडा मोडल्या, मनांतले विचार कोणाच्याही मुखाशीं न बांधतां पानावर मोकळे सोडले, आणि एका दृष्टिक्षेपासाठीं सारें पान खर्चिलें. संभाषणाची कला ती स्वगताची झाली. ज्यांना आमच्याकडील स्त्रियांच्या ओव्या जात्यावर ऐकावयास मिळाल्या आहेत त्यांना हा फरक सांगावा लागणार नाहीं. पोवाडा फडांत गातात, ओवी ऐकावयास कोणी नसलें तरी चालतें.

रियोको इकेदा यांची 'बेरुसाइयु नो बारा', म्हणजे 'व्हर्सायचें गुलाब', ही १९७२ सालीं 'मार्गारेट' नांवाच्या मुलींच्या साप्ताहिकांत आली. फ्रेंच राज्यक्रांतीची ही कथा. नायिका ऑस्कर हिला सेनापति बापानें मुलाप्रमाणें वाढविलेली, आणि राणीच्या रक्षकदलाची ती नायक. शेवटीं ती आपलें कुळ आणि पदवी टाकून बास्तीलच्या तटाखालीं प्रजेच्या बाजूनें लढते व पडते. हा विषय मुलांच्या साप्ताहिकांत आला असता तर त्यांत तरवारी अधिक झाल्या असत्या. येथें तरवारीपेक्षां निष्ठा कोणाशीं ठेवावयाची हा प्रश्न मोठा झाला आहे, आणि तो बारा-तेरा वर्षांच्या मुलींपुढें मांडण्यास लेखिका कचरली नाहीं. १९७९ सालीं तिचें ॲनिमे झालें. त्याच्या उत्तरार्धाचे दिग्दर्शक ओसामु देझाकी यांची एक लकब लक्षांत राहण्यासारखी आहे: भावनेच्या शिखरावर तें चालतें चित्र एकाएकीं थांबतें आणि खडबडीत रंगांनीं काढलेलें स्थिर चित्र होतें. पैसा वांचविण्यासाठीं चित्रें कमी काढण्याची युक्ति या धंद्यांत तेझुकांच्या 'तेत्सुवान आतोमु'पासून, म्हणजे १९६३ पासून, चालत आलेली आहे. तिचेंच येथें अलंकारांत रूपांतर झालें.

प्रौढ स्त्रियांच्या 'बी लव्ह' मासिकांत २००७ पासून आलेली 'चिहायाफुरु' तर आमच्या मुद्द्याचें उत्तम समर्थन करते. विषय पाहिला तर ती निव्वळ सामन्यांची कथा. मैत्री, प्रयत्न, विजय, सर्व आहे. खेळ मात्र शंभर जुन्या कवितांचा. तेराव्या शतकांतील संकलनांतील या कवितांचा पूर्वार्ध कोणी म्हणतांच उत्तरार्धाचें पान जो आधीं उडवील त्याची सरशी. भेंड्या लावण्यांत बालपण गेलेल्या वाचकांस हा खेळ परका वाटणार नाहीं. फक्त येथें स्मरणाबरोबर कानाची आणि हाताची चपळाई लागते. उलट 'के-ऑन' ही चार-पांच शाळकरी मुलींच्या वाद्यवृंदाची, चहा-केकांची कथा पाहून ती मुलींच्या मासिकांतली असेल अशी कोणीही पैज मारील. ती आली तरुण पुरुषांच्या मासिकांत! या प्रकारांत एक अप्रिय बाजू आहे ती झांकण्याचें कारण नाहीं. मुलींचें निरागस हंसणें प्रौढ पुरुषांस विसावा म्हणून विकणें हा व्यवहार निरागस नव्हे. २००९ सालीं नाओको यामादा या दिग्दर्शिकेनें तिचें जें ॲनिमे केलें, तें मात्र त्या मुलींकडे पाहत बसत नाहीं, त्यांच्याबरोबर बसतें. अधिकारी तोच राहून दृष्टि बदलली कीं कृति कशी बदलते तें येथें दिसतें.

विषयावरून पडणाऱ्या प्रकारांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. त्यांचीं नांवेंच अर्थ सांगतात. तथापि त्यांतही अधिकाऱ्याचा घोटाळा सुटत नाहीं. १९७९ च्या 'गुंडाम' मालिकेस पैसा पुरविला खेळण्यांच्या व्यापाऱ्यानें, म्हणून तिचा अधिकारी ठरला खेळणें विकत घेणारा लहान मुलगा. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनीं लिहिलें तें मात्र इच्छा नसतां युद्धांत ओढल्या गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराविषयीं. खेळणीं खपलीं नाहींत, मालिका ४३ भागांवर आवरती घेतली, आणि मागाहून मोठ्या विद्यार्थ्यांनीं ती डोक्यावर घेतली. पुढें तर ॲनिमे मध्यरात्रीनंतर दाखविण्याचा प्रघातच पडला. घड्याळाचा कांटा हीच अधिकाऱ्याची खूण झाली. इसेकाई कथांची सध्यां लाट आहे. अन्य लोकीं जाऊन येण्याची कल्पना जपानांत उराशिमा तारो या कोळ्याइतकी जुनी आहे, आणि आमच्याकडे ब्रह्मलोकाहून परत येईतों युगें लोटलेल्या ककुद्मी राजाची आणि त्याच्या रेवतीची कथा भागवतांत आहेच. परंतु उराशिमा परततो तेव्हां त्याचें सारें गणगोत नाहींसें झालेलें असतें. जाण्याची किंमत त्यास भरावी लागते. आजच्या इसेकाईंतला नायक मोटारीखालीं सांपडून मरतो आणि दुसऱ्या लोकीं आयतें सामर्थ्य घेऊन जन्मतो. हा कर्मविपाकावांचूनचा पुनर्जन्म आम्हांस फारसा रुचत नाहीं.

नित्य जीवनाच्या कथांविषयीं मात्र दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण त्यांत कांहींच घडत नाहीं अशी तक्रार आमच्या रसिक मित्रांकडून ऐकूं येते. माचिको हासेगावा यांची 'साझाए-सान' १९४६ सालीं वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि १९६९ पासून दूरचित्रवाणीवर आठवड्यास येत आहे. आईबाप, लेक-जांवई, लहान भावंडें आणि नातू एका घरांत राहतात. जेवतात, भांडतात, छत्री विसरतात. आणि कोणी एक दिवसानेंही म्हातारें होत नाहीं. ज्यांनीं चिमणरावांच्या बिऱ्हाडावर प्रेम केलें त्यांनीं हिला नांवें ठेवूं नयेत. याच जातीच्या पण अधिक सूक्ष्म कृतींस 'इयाशि', म्हणजे विसावा, देणाऱ्या म्हणतात. युकी उरुशिबारा यांच्या 'मुशिशि'चें २००५ सालीं झालेलें ॲनिमे आम्हीं दोनदां पाहिलें. गिनको नांवाचा वैद्य गांवोगांव हिंडतो आणि अदृश्य जीवांमुळें जडलेल्या व्याधी पाहतो. त्यास सर्वच बऱ्या करतां येत नाहींत, आणि त्या जीवांचा त्यास रागही नाहीं. शांत हा रस मानावा कीं नाहीं, या आमच्या साहित्यशास्त्रांतील वादांत अभिनवगुप्तांच्या बाजूनें एक साक्षीदार म्हणून आम्ही ही मालिका उभी करूं.

आतां पुन्हां अधिकाऱ्याकडे. मासिकाच्या वेष्टणावर जी खूण असते ती जपानांत वाचकास न सांगतां समजते. समुद्र ओलांडतांना वेष्टण गळून पडतें. योशितो उसुई यांची 'क्रेयॉन शिन-चान' १९९० सालीं 'मांगा ॲक्शन' या प्रौढ पुरुषांच्या साप्ताहिकांत आली. पांच वर्षांच्या आगाऊ पोराच्या तोंडून मोठ्यांच्या जगाची थट्टा, असें तिचें स्वरूप. दूरचित्रवाणीवर आल्यावर जपानी आयांनींही तिच्याविषयीं कुरकुर केलीच. आमच्याकडे ती दोरेमोनच्या शेजारीं, मुलांच्या वाहिनीवर, हिंदी बोलत आली. दोन्हींत पोरें, दोन्हींत रागावणारी आई. एक इयत्तावार मासिकांतून निघालेली, दुसरी कचेरींतून परतणाऱ्या पुरुषाच्या हातच्या अंकांतून. मराठी घरांतील मुलें दोन्हींची हिंदी सारख्याच सफाईनें बोलूं लागलीं, आणि आईबापांनीं तक्रार केली ती शिन-चानच्या उद्धटपणाविषयीं. ती मालिका मुळांत कोणाशीं बोलत होती, हा प्रश्न आमच्या माहितींत कोणीं विचारला नाहीं.

परंतु याच ठिकाणीं आमचें शास्त्र आम्हांसच अडचणींत आणतें. कारण 'होतारु नो हाका' ही कृति १६ एप्रिल १९८८ रोजीं जपानांत प्रदर्शित झाली ती एकटी नव्हे. हायाओ मियाझाकी यांच्या 'तोनारि नो तोतोरो' या, लहान मुलींच्या आणि वनदेवतेसारख्या एका केसाळ प्राण्याच्या, हंसऱ्या चित्रपटाच्या जोडीनें, एकाच खेळांत. ज्या देशानें पहिलीच्या आणि दुसरीच्या मुलांस निरनिराळीं मासिकें दिलीं, त्या देशानें त्या दिवशीं एकाच खुर्चीवर बसलेल्या पोरास दोन्ही दाखविलीं. इसाओ ताकाहाता यांचा चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरून केलेला आहे, आणि नोसाका यांची स्वतःची धाकटी बहीण त्या युद्धाच्या उपासमारींत गेली होती. तो चित्रपट बालकांसाठीं नाहीं असें म्हणावें, तर त्यांतील भूक ही बालकांचीच आहे. आठव्या वर्षीं करुणाचा अधिकार नसतो असें कोणत्या आधारावर म्हणावें? आमची चूक तो दाखविण्यांत झाली, कीं न सांगतां दाखविण्यांत, याचा निर्णय आमच्यानें अजून होत नाहीं.

पुढच्या दिवशीं आम्ही तिला 'तोतोरो' दाखविला. लावण्यापूर्वीं तिनें विचारलें, "काका, यांत कोणी मरत नाहीं ना?" आम्ही नाहीं म्हटलें, परंतु आमच्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास बसलेला दिसला नाहीं. चित्रपटांतील आई रुग्णालयांत आहे हें कळतांच ती पाय वर घेऊन बसली. पुढें धाकटी मेई हरवते, आणि तळ्यांत एक लहानशी चप्पल सांपडते; त्या वेळीं ती उठून स्वयंपाकघरांत गेली, आणि ती चप्पल मेईची नव्हे असें आम्ही दोनदां ओरडून सांगितल्यावर परत येऊन बसली.